थांबण्याचे दोन प्रकार

२२ मार्च १९७९ रोजी लोकसभेत पंतप्रधान मोरारजी देसाई उभे राहिले आणि जयप्रकाश नारायण यांचं निधन झाल्याचं त्यांनी सांगितलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं, आणि आकाशवाणीवरून ती बातमी देशभर पोचली. जेपी तेव्हा मुंबईत पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात होते. अत्यवस्थ होते, पण जिवंत होते. रुग्णालयासमोर लोक जमले, आणि जेपी हयात आहेत हे त्या शोकाकुल गर्दीला सांगावं लागलं. पुढे ८ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे आणखी साडेसहा महिने, ते जगले.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास दिल्लीत, राहत्या घराच्या आवारात, पंतप्रधान इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीचे दिल्लीतले वार्ताहर सतीश जेकब बातमीच्या मागावर रुग्णालयात पोचले आणि दुपारपर्यंत जगाला काय झालंय ते कळलं. बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधीसुद्धा परतीच्या वाटेवर ट्रान्झिस्टरला कान लावून बीबीसीच ऐकत होते. आकाशवाणीने निधनाची बातमी दिली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते.

पहिल्या खेपेला आकाशवाणीने न झालेला मृत्यू सांगितला, कारण सरकारने तो सांगितला होता. दुसऱ्या खेपेला झालेला मृत्यू सांगितला नाही, कारण सरकारने तो अजून सांगितला नव्हता. चुका एकमेकींच्या उलट्या, पण मूळ एकच. आकाशवाणीचं मुंबई केंद्र चर्चगेटजवळ आहे. तिथून जसलोक पाचेक किलोमीटर. त्या दुपारी कोणी टॅक्सी करून तिथे जाऊन येईपर्यंत बातमी थांबली असती, तर हा प्रसंग इतिहासात नोंदवावा लागलाच नसता.

या पुस्तकाचा विषय आकाशवाणीचा वृत्तविभाग आहे. त्याची ओळख करून देताना मी या दोन दिवसांपासून सुरुवात केली, ती त्याला हिणवण्यासाठी नाही. कृष्णाकाठच्या आमच्या गावात कोणी पारावर काही सनसनाटी सांगू लागला की वडील एवढंच विचारत, “रेडिओत सांगितलं का?” सांगितलं असेल तर विषय मिटला; नसेल तर ऐकणारे पुन्हा तंबाखू मळायला लागत. एखाद्या संस्थेच्या शब्दाला इतकं वजन येणं ही साधी गोष्ट नव्हे. ते वजन आलं कुठून आणि त्याला तडे कुठे गेले, हे समजून घ्यायचं असेल तर बातमीदाराच्या थांबण्याकडे पाहावं लागतं. बातमीदार दोन कारणांनी थांबतो. एक, खातरजमा होईपर्यंत. दुसरं, परवानगी मिळेपर्यंत. पहिल्या थांबण्यातून विश्वास कमावला जातो आणि दुसऱ्यातून तो खर्ची पडतो. पंचाईत अशी, की घरात रेडिओपुढे बसलेल्याला या दोन्हींतला फरक कळायला मार्ग नसतो. त्याला दोन्ही वेळा बातमीऐवजी ऐकू येते ती सारंगीच.

हे थांबणं आकाशवाणीच्या जन्मातच आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ज्या केंद्राचं उद्घाटन झालं, ते सरकारी नव्हतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी होती, आणि पुढच्याच महिन्यात तिने कलकत्त्यातही केंद्र उघडलं. परवाना घेऊन रेडिओ ऐकणारे इतके थोडे होते की तीन वर्षांच्या आत कंपनीचं दिवाळं निघालं. १९३० च्या एप्रिलमध्ये सरकारने कारभार हाती घेतला. म्हणजे आपल्याकडे रेडिओ सरकारने कोणाकडून हिसकावून घेतला नाही. बुडीत धंदा म्हणून तो पदरात पडला. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन आले, १९ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीहून पहिलं बातमीपत्र गेलं, आणि त्याच वर्षी ८ जूनला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं. माणूस बीबीसीचा आला, पण बीबीसीची सनद काही आली नाही. सरकारपासून हातभर अंतर राखणारी संस्था लंडनला होती. दिल्लीत होतं ते सरकारचं खातं.

‘आकाशवाणी’ हा शब्द म्हैसूरचा. तिथे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या छोट्याशा केंद्राचं ते नाव. १९५७ पासून ते साऱ्या देशाच्या रेडिओचं झालं. नाव गोड आहे, पण त्याच्यामागची गोष्टही विसरू नये. आपल्या पुराणातली आकाशवाणी कंसाच्या कानी पडते. बोलणारा दिसत नाही, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि ऐकणाऱ्याने ती खरी मानूनच पुढचं ठरवायचं असतं. लोकशाहीतल्या वृत्तसंस्थेला हे नाव जरा जडच जातं.

अधिकृत आवाज गप्प बसला की लोक दुसरीकडे कानोसा घेतात, हे या मुलखाने दोनदा अनुभवलं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीच्या उठावात काय घडलं, हे छापायची वर्तमानपत्रांची छाती नव्हती आणि ऑल इंडिया रेडिओने ते सांगणं शक्यच नव्हतं. ते या चोरट्या केंद्रावरून सांगितलं गेलं. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून बिऱ्हाडं बदलत जेमतेम तीन महिने ते चाललं आणि १२ नोव्हेंबरच्या छाप्यात बंद पडलं. दुसरा अनुभव गोव्याचा. पणजीत पोर्तुगीज सरकारचं ‘एमिसोरा द गोवा’ होतं. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ सुरू केलं. पुढे ते कॅसलरॉकच्या रानात हललं आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत पोर्तुगीज आणि कोकणीतून बोलत राहिलं. या दोन्ही केंद्रांपाशी ना इमारत होती, ना मोठं प्रक्षेपक यंत्र. दुसऱ्या आवाजाने जे दडवलं तेवढंच त्यांच्यापाशी होतं, आणि तेवढं पुरलं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. पुढच्या वर्षी नागपूरला आणि १९५३ च्या गांधीजयंतीला पुण्याला केंद्र सुरू झालं. वल्लभभाई पटेल या खात्याचे पहिले मंत्री. त्यांच्यानंतरच्या मंत्र्यांत दीर्घकाळ टिकले ते आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. चित्रपटसंगीत रेडिओवरून हद्दपार करण्याची त्यांची धडपड मराठी वाचकाला ठाऊक आहे. तिचा परिणाम असा झाला, की लोकांनी सुई सरकवून रेडिओ सिलोन लावलं. श्रोत्याला एकदा सुई फिरवायची सवय लागली की ती गाण्यापुरती राहत नाही. गाण्यांना सिलोन आणि अडीअडचणीच्या बातमीला बीबीसी, ही वाटणी पुढे कितीतरी घरांत कायम झाली.

पण रोजच्या बातमीला मात्र आकाशवाणीच. मला या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो इथे. बातमीपत्र तयार कसं होतं, हे बहुतेक श्रोत्यांना कधी कळलंच नाही. दिल्लीच्या मुख्य वृत्तकक्षात बातम्यांचा साठा इंग्रजीत तयार होई. तिथल्या भाषेत ‘पूल’. त्यातून मराठी बातमीपत्राला काय घ्यायचं ते ठरे, आणि जो वृत्तनिवेदक ते वाचणार तोच ते भाषांतरित करी. घड्याळ समोर, मजकूर अजून येतोच आहे, आणि लाल दिवा लागायला काही मिनिटं. दहा मिनिटांत जेमतेम हजार शब्द बसतात. वर्तमानपत्राच्या एका पानात याहून जास्त मजकूर असतो. म्हणजे जग, देश, संसद, खेळ आणि हवामान हे सगळं एका पानापेक्षा कमी जागेत बसवायचं. काय सांगायचं यापेक्षा काय सोडायचं, हाच तिथला खरा धंदा.

शिवाय हे कानासाठी लिहायचं. वाचकाला मागची ओळ पुन्हा बघता येते. श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून सुरुवातीला ठळक बातम्या आणि शेवटी त्याच पुन्हा एकदा. म्हणून ‘वरील’, ‘उपरोक्त’ या शब्दांना बंदी. म्हणून नेमका आकडा बाजूला ठेवून ‘सुमारे पाच लाख’. मराठीची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. आपला नकार वाक्याच्या शेपटाला असतो. ‘धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय अद्याप घेण्यात आलेला नाही’ या वाक्यातला शेवटचा शब्द खरखरीत बुडाला, तर नदीकाठचं गाव ढोरं सोडून पळेल. मुरलेला वृत्तनिवेदक म्हणून त्या ‘नाही’वर आवाज खाली येऊ देत नाही. सुधा नरवणे यांचा आवाज पुण्याहून प्रादेशिक बातम्या देऊ लागला की स्वयंपाकघरातली भांडी क्षणभर थांबत. त्याचं श्रेय गळ्याइतकंच या असल्या बारीक कसबाला आहे.

पण याच कसबात एक सापळाही होता. वर्तमानपत्र आधी गोष्ट सांगतं आणि मग ‘असं अमुक यांनी सांगितलं’ असं जोडतं. रेडिओवर उलट करावं लागतं. बोलतोय कोण हे श्रोत्याला आधी कळायला हवं, नाहीतर ते विधान वृत्तनिवेदकाचंच वाटतं. म्हणून वाक्य सुरू होतं ‘मुख्यमंत्र्यांनी म्हटलं आहे की’ असं. नियम अगदी रास्त. पण वर्षानुवर्षं प्रत्येक बातमी अशी सुरू झाली की बातमी म्हणजे मंत्र्याने काढलेले उद्गार, अशी सवय लिहिणाऱ्याच्या हाताला आणि ऐकणाऱ्याच्या कानाला लागते. पाणी आलं नाही ही बातमी राहत नाही. पाणी येईल असं पालकमंत्र्यांनी सांगितलं, ही बातमी होते. श्रोत्याच्या सोयीसाठी केलेला नियम असा नकळत मंत्र्याच्या सोयीचा झाला. कोणाला फोन करून दबाव आणावा लागला नाही. वाक्यरचनेनेच ते काम केलं.

जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या वर्तमानपत्रांवर या बातमीचं केवढं ऋण आहे, तेही सांगायला हवं. ज्यांना टेलिप्रिंटर परवडत नव्हता, त्यांच्यासाठी आकाशवाणी इंग्रजी आणि हिंदीतून धीम्या गतीच्या बातम्या देत असे. एकेक वाक्य सावकाश, उतरवून घेता येईल अशा बेताने. संपादक, उपसंपादक आणि बहुधा जुळारीही असलेला एकच माणूस कान देऊन ते लिहून घेई, मराठी करी आणि सकाळी पहिल्या पानावर छापी. त्यामुळे आकाशवाणीचा शहाणपणा जसा गावोगाव छापला गेला, तसं तिचं मौनही छापलं गेलं.

त्या मौनाची सर्वांत मोठी परीक्षा १९७५ मध्ये झाली. २६ जूनच्या सकाळी आणीबाणीची बातमी देशाला आकाशवाणीवरूनच, खुद्द पंतप्रधानांच्या आवाजात, कळली. दिल्लीतल्या अनेक छापखान्यांची वीज आदल्या रात्री तोडलेली होती. थोड्याच दिवसांत माहिती खात्यातून इंद्रकुमार गुजराल गेले आणि विद्याचरण शुक्ल आले. वर्तमानपत्रांसाठी सरकारला सेन्सॉर अधिकारी नेमावे लागले. आकाशवाणीसाठी वेगळं काही करावं लागलं नाही. ती खातंच होती, आणि खात्याला हुकूम पुरतो. ‘ऑल इंदिरा रेडिओ’ हे नाव लोकांनी तेव्हा ठेवलं.

म्हणूनच १९७९ ची ती दुपार मला १९७५ पेक्षा जास्त बोलकी वाटते. तेव्हा आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. सत्तेवर होते ते ज्यांनी तुरुंगवास भोगला ते लोक. बी. जी. व्हर्गीज यांच्या समितीने रेडिओ आणि दूरचित्रवाणी सरकारपासून सोडवून ‘आकाश भारती’ या स्वतंत्र न्यासाकडे द्यावी, असा अहवाल वर्षभरापूर्वीच दिला होता. आकाशवाणीवर कोणाचा धाक असा उरला नव्हता. तरीही जेपींच्या, म्हणजे या साऱ्या बदलाच्या कर्त्याच्या, प्रकृतीची बातमी रुग्णालयाकडून न घेता सरकारकडून घेतली गेली. सरकार बदललं होतं, पण मान वळायची दिशा बदलली नव्हती. धाक एका निवडणुकीत जातो, सवय जात नाही.

सवय मोडायचे उपाय सुचवले गेले नाहीत असं नाही. अशोक चंदा यांच्या समितीने १९६६ मध्येच स्वायत्ततेची शिफारस केली होती. जनता सरकारने विधेयक आणलं, पण सरकारच राहिलं नाही. १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो अंमलात यायला १९९७ उजाडलं. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यातला मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. कायद्याने आकाशवाणी आता खातं राहिलेली नाही. पण पैसा मुख्यतः सरकारी अनुदानातून येतो आणि वृत्तविभागातले अधिकारी भारतीय माहिती सेवेतून येतात. आज पत्र सूचना कार्यालयात सरकारची बाजू मांडणारा अधिकारी उद्या बदलीने बातम्यांचा संपादक होऊ शकतो. माणूस प्रामाणिक असला तरी खुर्चीगणिक मान कुठे वळवायची, हे त्याने एका रात्रीत कसं शिकावं?

या जागी माझ्या पिढीच्या वाचकाला एक छोटी पुस्तिका आठवेल. रेडिओचा परवाना. दर वर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. परवाना नसेल तर दंडाची भीती. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तो बंद झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता वाटतं, त्या पुस्तिकेबरोबर एक हक्कही गेला. पैसे भरणारा श्रोता हा गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाईक जाब विचारू शकतं. आपल्याला मात्र तो परवाना दुचाकीच्या करासारखाच वाटला, कारण त्या पैशाचा आणि सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्यांचा संबंध कोणी आपल्याला दाखवूनच दिला नाही.

आज हा प्रश्न जुना झाला, असं म्हणणाऱ्याला एकच गोष्ट सांगतो. या देशात २००१ पासून खासगी एफएम केंद्रं आहेत. ती गाणी वाजवतात, गप्पा मारतात, बक्षिसं वाटतात. पण स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाहीत. द्यायच्याच तर आकाशवाणीचं बातमीपत्र, एक शब्दही न बदलता. वर्तमानपत्र कोणीही काढावं, वाहिनी परवाना घेऊन चालवावी, मोबाइलवर तर वाटेल त्याने वाटेल ते बोलावं. रेडिओवरची बातमी मात्र एकाच घरातून यायची. इतकी मक्तेदारी ज्याच्या हाती, त्याच्या थांबण्याचं कारण विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला असलाच पाहिजे.

आणि ऐकणारा अजून आहे. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली, सगळ्या पक्षांचे लोक बोलले, आणि आदेशाला स्थगिती मिळाली. या ओरडणाऱ्यांत असे कितीतरी होते, ज्यांनी वर्षानुवर्षं आकाशवाणीला ‘सरकारी भोंगा’ म्हणून नावं ठेवली होती. त्यात विसंगती नाही. घरातल्या कर्त्या माणसावर आपण चिडतो, कारण त्याने बोलावं अशी आपली अपेक्षा असते. परक्याच्या गप्प बसण्याचा कोणाला राग येत नाही.

पुढच्या पानांत वाचकाला संपादक भेटतील, भाषांतरकार भेटतील, स्टुडिओच्या काचेपलीकडचे अभियंते भेटतील. मी त्याला एका वेगळ्या माणसाकडे लक्ष द्यायला सांगेन, ज्याचं नाव बातमीपत्रात क्वचितच येतं. जिल्ह्याजिल्ह्यात आकाशवाणीचे अंशकालीन वार्ताहर असतात. तुटपुंज्या मानधनावर, बहुधा दुसरा पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, ते काम करतात. नदीला पूर आला की पुलावर जाऊन पाण्याची खूण पाहून येणं, अपघात झाला की जिल्हा रुग्णालयात जाऊन आकडा विचारणं, आणि मग फोनवरून चार ओळी देणं, हे त्यांचं काम. त्यांच्या चार ओळी उशिरा येतात, कारण पुलापर्यंत जायला वेळ लागतो. वडील ज्या भरवशावर “रेडिओत सांगितलं का?” विचारत, तो भरवसा याच माणसाने एसटीच्या धक्क्यांत कमावलेला होता. १९७९ च्या त्या दुपारी पेडर रोडला जायला हवा होता तो हाच.